अंधारातील मासे

बीदरनजीक नौबाद येथे पंधराव्या शतकात, बहामनी अमदानीत, खडक फोडून भूमिगत जलमार्ग खोदण्यात आला. लोक त्यास ‘सुरंग बावी’ म्हणतात. तेथील अंधाराला पाचशेहून अधिक वर्षे लोटली. परंतु जीवसृष्टीच्या कालगणनेत हा काळ निमिषमात्र होय. जलचरांचे डोळे लोपावयास याहून कितीतरी दीर्घ अंधार लागतो.

मेक्सिकोतील गुहांत तो लाभला. १९३६ साली तेथील एका गुहेतून नेत्रहीन मासे बाहेर आणले गेले, आणि पुढे ते जगभरच्या मत्स्यालयांत वाढू लागले. वापराअभावी डोळे झिजले, असा तर्क पूर्वी केला जाई. वस्तुस्थिती निराळी आहे. या माशांच्या गर्भात डोळा प्रथम घडू लागतो. मागाहून त्यातील भिंग मरते आणि त्याची वाढ खुंटते. २००० साली यामामोटो व जेफरी या शास्त्रज्ञांनी डोळस जातभाईच्या गर्भातील भिंग अंध माशाच्या गर्भात बसविले, तेव्हा त्या बाजूस मोठा डोळा वाढला.

डोळा पोसणे शरीरास खर्चाचे असते. अंधारात तो खर्च व्यर्थ ठरला. चव व स्पर्श यांची जाणीव मात्र तीव्र झाली. तथापि डोळा घडविण्याचे सामर्थ्य पुरते नष्ट झाले नव्हते, एवढे त्या एका भिंगाने सिद्ध केले.