संगणकाचा शीतन-पंखा : तुलनेचे निकष

प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड व वीजपुरवठा संच यांतील उष्णता हवेच्या प्रवाहाने बाहेर टाकणारे साधन. पंख्यांची तुलना कमाल वेगावरील आकड्यांनी न करता समान हवाप्रवाहावर करणे योग्य ठरते; कारण हवाप्रवाह फेऱ्यांच्या प्रमाणात, दाब त्यांच्या वर्गाच्या आणि वीजखर्च घनाच्या प्रमाणात बदलतो. वेग निम्मा केल्यास प्रवाह निम्मा होतो, पण वीज सुमारे अष्टमांश लागते व आवाज साधारण १५ डेसिबलांनी घटतो. एकाच घडणीचा १२० मिमी. पंखा ८० मिमी. पंख्याइतकी हवा त्याच्या एक-तृतीयांशाहून कमी वेगात देतो. म्हणून जागा असेल तेथे मोठा, संथ पंखा सरस ठरतो.

यावर आक्षेप असा, की संथ पंख्याचा दाब कमी पडतो. वरील उदाहरणात तो सुमारे पंचमांशच उरतो. दाट पट्ट्यांच्या रेडिएटरसाठी किंवा सर्व्हरच्या अरुंद पेटीसाठी हा आक्षेप खरा आहे. मोकळ्या पेटीत मात्र त्याचे वजन कमी होते. टिकाऊपणा मुख्यतः बेअरिंगवर अवलंबून असतो. साधे स्लीव्ह बेअरिंग स्वस्त व सुरुवातीस शांत असते, पण उष्णतेने त्यातील वंगण लवकर आटते. बॉल बेअरिंग उष्णता अधिक सोसते, मात्र घरघरते. द्रवगतिक बेअरिंग शांतता व आयुष्य यांचा मेळ घालते. उत्पादक देतात ते ‘एल-१०’ आयुष्य म्हणजे दहा टक्के पंखे निकामी होईपर्यंतचा काळ. तो ज्या तापमानाला मोजला, ते पाहिल्याशिवाय दोन आकडे ताडून पाहणे निरर्थक होय.