चंदन कोणाचे?

देवघरातील सहाणेवर खोड उगाळताना ते झाड कोणाच्या मालकीचे होते, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. म्हैसुरात मात्र त्याचे उत्तर दोन शतके ठरलेले होते: सरकारच्या.

टिपू सुलतानाने १७९२ च्या सुमारास चंदनास राजवृक्ष ठरविले. १७९९ मध्ये टिपू पडला. परंतु हा मक्ता पुढील राजवटीने सोडला नाही. पहिल्या महायुद्धामुळे जर्मनीस जाणारा माल अडला, तेव्हा १९१६ मध्ये संस्थानाने स्वतःच चंदनतेलाचा कारखाना काढला. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि १९६३ चा वन कायदा तेथेही लागू झाला.

आता कुळवाड्याच्या बाजूने पाहू. पाखराने टाकलेल्या बियेतून त्याच्या बांधावर रोप उगवे. ते वाढले तर झाड सरकारचे, राखण मात्र त्याची. आणि चोरी झालीच, तर पहिला संशयही त्याच्यावर. मोबदल्याची तरतूद होती हे खरे. पण कचेरीत खेटे घालण्याचा खर्च कोणत्या तरतुदीत बसतो? तेव्हा शहाणा माणूस रोप वीतभर असतानाच उपटून मोकळा होई. कायद्याच्या धंद्यातच आमची उमेद गेली, तरी म्हणावेसे वाटते की या कायद्याने राखणदारासच झाडाचा वैरी केले.

चोराचे गणित निराळे. सुगंध असतो गाभ्यात, तो भरण्यास कित्येक वर्षे लागतात. आणि मुळांतही तेल भरपूर, म्हणून चंदन नुसते तोडीत नाहीत, मुळासकट खणून काढतात. मागे खुंटही उरत नाही. उघड पेठ जितकी आवळली तितकी चोरपेठ फोफावली. वीरप्पन २००४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात मरेपर्यंत कर्नाटक-तामिळनाडूच्या रानांत हा व्यापार बंदुकीच्या बळावर चालला. दरम्यान १९९८ मध्ये ही जात जागतिक पातळीवर संकटग्रस्तांच्या यादीत चढली होती.

अखेर २००१ मध्ये कर्नाटकाने व पुढील वर्षी तामिळनाडूने कायदा दुरुस्त करून जमीनधारकास आपल्या झाडाचा मालक मानले. विक्रीवरचे निर्बंध मात्र लगेच सुटले नाहीत. झाड तुमचे, पण गिऱ्हाईक सरकार नेमील, अशी ती अर्धी मालकी! तोवर पश्चिम ऑस्ट्रेलियातील कुनुनुरा येथे याच भारतीय चंदनाच्या बागा लागल्याही होत्या.