गाडीची पुढची काच बदलल्यावर ‘अडास’ कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन का करावं लागतं?

महामार्गावर पुढच्या डंपरमधून खडा उडतो, काचेवर आदळतो आणि बघता बघता तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. पूर्वी अशा वेळी जुनी काच काढून नवी बसवली की काम संपायचं. आता अनेक गाड्यांमध्ये तसं होत नाही, कारण त्या काचेमागे गाडीचा ‘डोळा’ असतो.

‘अडास’ कॅमेरा म्हणजे काय?

‘अडास’ म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड ड्रायव्हर असिस्टन्स सिस्टिम्स, म्हणजेच चालकाला मदत करणारी यंत्रणा. पुढचं वाहन फार जवळ आलं तर इशारा देणं, गरज पडल्यास आपोआप ब्रेक लावणं, लेन सुटल्यास सावध करणं, रात्री अप्पर-डिपर बदलणं अशी कामं ती करते. एमजी ग्लॉस्टर (२०२०) आणि महिंद्रा एक्सयूव्ही ७०० (२०२१) यांसारख्या गाड्यांमधून ही सोय भारतीय ग्राहकांपर्यंत पोहोचली. आता ती तुलनेने स्वस्त गाड्यांमध्येही मिळते.

यातला मुख्य कॅमेरा आतल्या आरशाच्या मागे, काचेला चिकटवलेल्या ब्रॅकेटमध्ये बसवलेला असतो. काही गाड्यांमध्ये त्याच्या जोडीला पुढच्या बंपरमागे किंवा ग्रिलमागे रडारही असतं.

थोडासा फरक पडला तर काय होतं?

कॅमेऱ्याला फक्त चित्र दिसतं. त्या चित्रातलं वाहन किती लांब आहे आणि कोणत्या लेनमध्ये आहे, हे संगणक हिशेबाने ठरवतो. कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर आहे आणि नेमका कुठे रोखलेला आहे, यावर हा हिशेब चालतो.

समजा, कॅमेऱ्याची दिशा फक्त १ अंशाने चुकली. ५० मीटरवर ही चूक सुमारे ८७ सेंटीमीटर होते आणि १०० मीटरवर जवळपास पावणेदोन मीटर. महामार्गावरची एक लेन साधारण साडेतीन मीटर रुंद असते. म्हणजे चूक थेट अर्ध्या लेनची झाली! शेजारच्या लेनमधला ट्रक आपल्याच लेनमध्ये आहे असं समजून गाडी विनाकारण ब्रेक लावू शकते. उलट, समोर खरोखर वाहन असताना ब्रेक उशिरा लागू शकतो. ताशी १०० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते, त्यामुळे अशा चुकीला वावच नसतो.

कॅलिब्रेशन कसं करतात?

कॅमेऱ्याला त्याची जागा आणि दिशा पुन्हा नेमकी ‘शिकवणं’ म्हणजे कॅलिब्रेशन. याचे दोन प्रकार आहेत. कोणता करायचा हे गाडीची कंपनी ठरवते, आणि काही गाड्यांना दोन्ही लागतात.

स्टॅटिक: हे वर्कशॉपमध्ये, उभ्या गाडीवर होतं. गाडीसमोर ठरावीक अंतरावर आणि उंचीवर विशिष्ट नक्षीचा फलक उभा करतात. जमीन सपाट, उजेड सारखा, टायरमधली हवा योग्य आणि गाडी सामानाविना असावी लागते. मोजमापात थोडी गफलत झाली, तर कॅमेरा चुकीचीच गोष्ट शिकतो.

डायनॅमिक: स्कॅनर जोडून गाडी ठरावीक वेगाने रस्त्यावर चालवतात आणि कॅमेरा लेनचे पट्टे, इतर वाहनं पाहून स्वतःला जुळवून घेतो. यासाठी पट्टे स्पष्ट दिसायला हवेत. मुसळधार पावसात किंवा पट्टे पुसलेल्या रस्त्यावर हे काम अडतं.

कॅमेराच नवा बसवला असेल, तर आधी स्कॅनरने त्याची गाडीच्या संगणकाशी ओळख करून द्यावी लागते. कॅलिब्रेशन त्यानंतर होतं.

कधी करावं लागतं?

- पुढची काच बदलल्यावर
- कॅमेरा काढून पुन्हा बसवल्यावर किंवा बदलल्यावर
- पुढून धडक बसल्यावर
- सस्पेन्शनचं काम झाल्यावर किंवा गाडीची उंची बदलल्यावर
- काही गाड्यांमध्ये व्हील अलाइनमेंट केल्यावर

बंपरचं काम झालं असेल, तर रडारचीही तपासणी लागू शकते. नेमका नियम गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा सर्व्हिस सेंटरकडे मिळतो.

‘डॅशबोर्डवर एरर नाही, म्हणजे सगळं ठीक’ हे खरं आहे का?

नाही. कॅमेरा बंद पडला किंवा त्याची दिशा फारच चुकली, तर बहुतेक गाड्या इशारा देतात. पण लहानसा फरक गाडीच्या लक्षात येईलच असं नाही. त्यामुळे दिवा लागला नाही, एवढ्यावरून कॅमेरा बरोबर आहे असं मानता येत नाही.

रीलमध्ये दाखवतात तसं समोर माणूस किंवा खोका उभा करून ब्रेक लागतो का, हे बघणंही धोक्याचं आहे. तपासणी स्कॅनरनेच व्हायला हवी.

विम्यात खर्च मिळतो का?

फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या गाडीची काच त्यात येत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत काचेवर घसारा कापला जात नाही. कॅलिब्रेशनचा खर्च मात्र काचेच्या किमतीपेक्षा वेगळा असतो. म्हणून तो सुरुवातीच्या अंदाजपत्रकात लिहून घ्यावा आणि विमा कंपनीकडून मंजूर आहे का, हे काम सुरू होण्याआधीच विचारावं. क्लेम घेतल्याने नो क्लेम बोनसवर परिणाम होऊ शकतो, हेही तपासावं.

गाडी ताब्यात घेण्याआधी काय विचारावं?

१. बसवलेली काच याच मॉडेलच्या कॅमेरा असलेल्या प्रकारासाठी आहे का?
२. काचेचा गोंद पुरेसा सुकला आहे का? गाडी कधीपासून चालवायची?
३. कॅलिब्रेशन कोणत्या प्रकारचं केलं? स्कॅनरचा रिपोर्ट मिळेल का?

ज्या गॅरेजमध्ये कॅलिब्रेशनची सोय नाही, तिथे काच बसवून घेतली तर पुढचं काम कुठे होणार, हे आधीच ठरवावं. तोवर ‘अडास’वर विसंबून राहू नये.

रोजच्या वापरातही एक काळजी घ्यावी. फास्टॅग, स्टिकर किंवा आरशाला लटकवलेली शोभेची वस्तू कॅमेऱ्याच्या आड येऊ देऊ नये आणि त्याच्यासमोरची काच स्वच्छ ठेवावी. कॅमेरा अचूक असला, तरी स्टेअरिंगवरचे हात आणि रस्त्यावरची नजर चालकाचीच असायला हवी.