तीन भोपळे

मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीत सतारींसाठी पंढरपूर भागातून आलेले भोपळे पाहतच मोठा झालो. म्हणूनच ‘कोडोना’ या त्रयीचं संगीत ऐकताना माझं लक्ष आधी भोपळ्यांकडे गेलं.

कॉलिन वॉलकॉट, डॉन चेरी, नाना व्हास्कोन्सेलोस. तिघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून १९७८ साली या त्रयीचं नाव झालं. अमेरिकन वॉलकॉट पंडित रविशंकरांकडे सतार आणि उस्ताद अल्लारखाँकडे तबला शिकलेला. चेरी ऑर्नेट कोलमनच्या जॅझमधून आलेला. हातात छोटासा ट्रम्पेट आणि पश्चिम आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांची भोपळ्याची वीणा. नाना ब्राझीलच्या रेसिफेचा. त्याचं बेरिंबाउ म्हणजे लाकडी धनुष्य, एकच तार आणि खाली बांधलेला भोपळा. काडीनं तार छेडायची, तारेला दगड टेकवला की सूर चढतो, आणि भोपळ्याचं तोंड पोटाशी दाबलं-सोडलं की नाद मिटतो, उमलतो. एका तारेतून एवढं बोलणं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

तीन खंडांचे तीन भोपळे. आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचं, पण आधी दुसऱ्याचं ऐकून. सतारीला नुसतं सजावटीला बसवणारं पुष्कळ संगीत तेव्हा निघत होतं. इथे ती बरोबरीनं गोष्ट सांगते. माझ्या मते त्या काळातलं हे सर्वांत प्रामाणिक मिश्रण.

तीनच ध्वनिमुद्रिका निघाल्या. ८ नोव्हेंबर १९८४ रोजी पूर्व जर्मनीत बस अपघातात वॉलकॉट गेला. तो ३९ वर्षांचा होता.