आवाजावरून कळलं हरवलेल्या ओर्काचं घर!

जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहराजवळच्या समुद्रात ओर्काचं, म्हणजे किलर व्हेलचं, साधारण दोन वर्षांचं पिल्लू एकटंच फिरताना दिसलं. आई सोबत नव्हती, तब्येत खालावलेली होती. ते नेमकं कुठून आलं? पाण्याखालच्या मायक्रोफोनने त्याचे आवाज टिपले गेले आणि तज्ज्ञांना उत्तर मिळालं. आवाज इथल्या ओर्कांचे नव्हतेच. ते होते सुमारे ४०० किलोमीटर उत्तरेला, कॅनडाच्या किनाऱ्याजवळ राहणाऱ्या 'ए-४' नावाच्या कळपाचे.

प्रत्येक कळपाची बोली वेगळी

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, पण ओर्कांची बोली कळपागणिक बदलते. कॅनडाचे संशोधक जॉन फोर्ड यांनी इथल्या मासे खाणाऱ्या ओर्कांचे आवाज अनेक वर्षं नोंदवले. एकेका कळपाकडे ७ ते १७ ठरावीक हाका असल्याचं त्यांना आढळलं. जवळच्या नात्यातल्या कळपांच्या काही हाका सारख्या असतात, लांबच्यांची एकही हाक जुळत नाही.

ही बोली पिल्लू आई आणि कळपातल्या इतरांकडून ऐकून शिकतं. मुलगा असो वा मुलगी, ते आयुष्यभर आईसोबतच राहतं, त्यामुळे बोलीही घराण्यात टिकते. जोडीदार मात्र बहुधा दुसऱ्या कळपातला असतो. नात्यातलं कोण आणि परकं कोण, हे ओळखायला बोलीची मदत होत असावी, असं संशोधकांना वाटतं.

गप्प राहणारे ओर्का

याच समुद्रात सील मारून खाणारे ओर्काही आहेत. ते शिकारीच्या वेळी जवळपास गप्प असतात, कारण सीलचे कान तिखट असतात आणि आवाज झाला तर शिकार निसटते. मासे खाणाऱ्यांना ही अडचण नसते, म्हणून ते बिनधास्त हाका मारतात.

पिल्लाचं पुढे काय झालं?

हे पिल्लू मादी होतं. तिचं नाव स्प्रिंगर. तिला पकडून उपचार केले गेले आणि जुलै २००२ मध्ये बोटीने उत्तरेला नेऊन तिच्या नातलगांजवळ सोडण्यात आलं. हळूहळू ती त्यांच्यात मिसळली. २०१३ मध्ये स्प्रिंगर स्वतः आई झाली.