सीमेपलीकडची दप्तरे

चंद्रपूर-गडचिरोलीच्या इतिहासाकडे वळणाऱ्याच्या हाती बहुधा आधी गॅझेटिअर पडते, मग जमाबंदीचे अहवाल. त्यांत महसूल आहे, जंगल आहे, गोंड राजांची वंशावळ आहे. पण लिहिणारा सदैव गणवेशात आहे. खासगी कागदपत्रांत तोच माणूस टोपी काढून बसलेला भेटतो. रोजनिशी, पत्रे, छायाचित्रांखालची टिपणे असे साहित्य हळूहळू अंकीय रूपात येते आहे. जाणकारांचा मानला गेलेला हा प्रांत आता राजुऱ्याच्या किंवा सिरोंच्याच्या विद्यार्थ्यालाही मोकळा होऊ लागला आहे.

अशा कागदांचे मोल इथे फार पूर्वीच दिसले होते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटहून परतताना पाण्यात बुडून गेले. गोंडांविषयीची त्यांची टिपणे इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी संपादून १८६६ मध्ये छापली आणि गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याचे दीर्घ गोंडी गीत त्यामुळे वाचले. हे पुस्तक आज इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचायला मिळते. मात्र ते वाचताना हिस्लॉप कुठे बोलतात आणि टेंपल कुठे, याकडे लक्ष असू द्यावे.

आपल्या दृष्टीने सर्वांत समृद्ध संग्रह आहे तो ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ (१९०९–१९९५) यांचा. लंडनच्या ‘सोआस’ या संस्थेत ते प्राध्यापक होते. त्यांचे कागद तिथेच जपले आहेत आणि त्यांच्या अनेक छायाचित्रांची अंकीय रूपे खुली आहेत. व्हिएन्नाचा हा मानववंशशास्त्रज्ञ आपल्या मुलखाच्या उंबरठ्यावर आला तो युद्धामुळे. १९३९ मध्ये हाती जर्मन पासपोर्ट असल्याने तो शत्रुदेशाचा नागरिक ठरला आणि त्याला हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहणे भाग पडले. १९४० मध्ये जोडेघाटला गोंडांच्या उठावाचे नेते कुमराम भीम मारले गेले. गोंड का उठले, हा प्रश्न त्यानंतर निजाम सरकारला टाळता येईना. त्याचा शोध घ्यायला हायमेनडॉर्फ पत्नी बेटी यांच्यासह आदिलाबाद जिल्ह्यातल्या मारलावाईत राहिले. गोंड मुलांसाठी तिथे देवनागरीत गोंडी पुस्तके तयार झाली, हे मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटावे.

आदिलाबादच्या या कागदांशी आपला काय संबंध, असे आपणांस वाटेल. त्या काळी राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. १९५६ मध्ये तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, आला. माणिकगडचे डोंगर, जिवतीकडची गावे यांचा शोध म्हणूनच हैदराबादच्या कागदांत घ्यावा लागतो. ‘गडचिरोली जिल्हा’ असे शोधाल तर १९८२ पूर्वीचे काही सापडणार नाही, कारण तो जिल्हाच तेव्हा नव्हता. ‘चांदा’ टाकून पाहा, जुन्या कागदांसाठी ‘अपर गोदावरी’ हे तेव्हाच्या जिल्ह्याचे नाव टाका, गावाच्या नावाची चार-पाच इंग्रजी वळणे करून पाहा. माझ्या मते अर्धे संशोधन इथेच आहे. उरलेले अर्धे चिकाटीचे.

वाचकांनी आधी सूची वाचावी, मग चित्रे पाहावीत. सूचीत नोंद आहे म्हणून कागद पडद्यावर येईलच असे नाही. कित्येक गोष्टी वाचनकक्षातच पाहाव्या लागतात. शेजारी ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ (१९४८) असावे. पुस्तकात कथा सलग वाहते. पण ती कोणा परधान गायकाने किंगरी या तंतुवाद्याच्या सुरावर गायिलेली असते. गायक कोण, गाव कोणते, ऋतू कोणता, हे शोधायला कागदांकडे वळावे. आणि लेखक सरकारचा सल्लागारही होता, हे ध्यानात ठेवावे. गोंडांना जमिनीचे पट्टे मिळावेत म्हणून तो झटला, तरी गावाने त्याला सगळेच सांगितले असेल असे नाही.

इथे आपल्याकडच्या वाचकाची बाजू वरचढ आहे. दंडारीच्या चित्रातला गुसाडी ओळखायला त्याला कोश लागत नाही. जंगुबाईच्या जत्रेला तो स्वतः जाऊन आलेला असतो. मथळ्यात नुसते ‘गोंड पुरुष’ असेल तिथे गोत्र, गाव, कदाचित नावही तो भरू शकेल. अशी माहिती संग्रहाच्या व्यवस्थापकांना जरूर कळवावी. चित्र छापायचे असेल तर संस्थेची परवानगी लागतेच. कुळदेव पेर्सा पेनच्या पूजेसारखे चित्र असल्यास त्या कुळातल्या जाणत्यांनाही आधी विचारावे.