सातवाहन नाणी
सातवाहन नाणी : दख्खनमधील सातवाहन राजवंशाची (सु. इ. स. पू. पहिले ते इ. स. तिसरे शतक) नाणी. गोदावरीकाठी वसलेले पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, ही या वंशाची राजधानी होती.

ही नाणी मुख्यतः शिसे, तांबे आणि पोटिन या मिश्रधातूची असून चांदीची नाणी तुलनेने कमी आढळतात. सोंड उंचावलेला हत्ती, तीन कमानींचा पर्वत, कठड्यातील वृक्ष व चार वर्तुळे जोडणारे ‘उज्जैन चिन्ह’ या त्यांच्या ठळक खुणा. लेख ब्राह्मी लिपीत व बहुतांशी प्राकृत भाषेत असतो. कडेची अक्षरे अनेकदा नाण्याबाहेर गेलेली असल्याने एकाच प्रकारची अनेक नाणी शेजारी ठेवून लेख पूर्ण करावा लागतो.

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे 1906 मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. पर्वताच्या कमानींमागे नहपानाच्या चेहऱ्याची रेषा अजून दिसते. नहपानावरील विजयाचा हा सबळ पुरावा होय.

संग्राहकाने वजन, व्यास, धातू व प्राप्तिस्थान नोंदवावे. नाणे घासू नये, आम्लात टाकू नये. त्यामुळे अक्षरे कायमची जातात. जमिनीत सापडलेला ठेवा 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. अंजनेरी (नाशिक) येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था या अभ्यासाचे महत्त्वाचे केंद्र आहे.